सोनं दिसतं, शिसं दिसत नाही

ऑगस्ट २०२२ मध्ये जालन्यात एक वऱ्हाड आलं. गाड्यांच्या काचांवर नवरा-नवरीच्या नावांची स्टिकरं होती आणि आत प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बसले होते. अडीचशेच्या आसपास माणसं, शंभरावर गाड्या. इथल्या पोलाद व्यवसायातल्या बड्या मंडळींच्या घरांवर आणि कारखान्यांवर धाडी पडल्या. पन्नास कोटींहून जास्त रोकड निघाली आणि नोटा मोजता मोजता मोजणाऱ्यांचे हात दुखून आले. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. गांधी चमनपासून अंबड चौफुलीपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्या थप्प्यांचे फोटो.

धाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. कर बुडवणाऱ्याला पकडलंच पाहिजे. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. पैसा हुडकायचा असला की हे सरकार वेषांतर करून, स्टिकरं छापून, थेट आमच्या दारात वऱ्हाड आणतं. मग त्याच गावातल्या भट्ट्यांमध्ये देशोदेशीचं जे भंगार पडतं, त्याच्यासोबत कुठलं तेल, कुठला रंग, कुठलं विष येतं, हे बघायला आजवर एक बैलगाडी तरी का आली नाही?

उत्तर मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही ते पटेल. नोटा मोजता येतात. विष मोजायचा रकानाच या खात्यांच्या फॉर्मवर नाही. आणि ज्याचा रकाना नाही ते सरकारी नोकराच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतं.

जालन्याला लोक पूर्वापार सोने का पालना म्हणतात. आताचा पाळणा लोखंडाचा आहे. महाराष्ट्रातल्या किती स्लॅबांत जालन्याची सळई आहे ते बांधकामवाल्यांना विचारा. ही सळई खाणीतल्या मातीतून निघत नाही, ती भंगारातून निघते. जुन्या गाड्या, मोडके पाइप, कापलेली जहाजं, कारखान्यांचा टाकाऊ पत्रा. थोडं देशातलं, थोडं समुद्रापलीकडून न्हावा शेवाच्या बंदरातून आलेलं. ते वितळतं, त्याच्या लाद्या होतात, लाद्यांची सळई होते. भंगारासोबत आलेला रंग, जस्त, शिसं, ग्रीस यांची सळई होत नाही. ते धुरात जातं, धुळीत जातं, राखेत जातं. माझ्या पुतणीनं शाळेच्या प्रयोगासाठी आमच्या गच्चीवर लोहचुंबक फिरवलं, तर दोन मिनिटांत त्याला काळ्या मिशा फुटल्या. ती हसत होती. मला हसू आलं नाही, कारण त्याच गच्चीवर तिची आजी कुरडया वाळत घालते.

कारखानदारांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि प्रदूषण मंडळाच्या नावानं तर गावात पोरंसोरंही बोंब मारतात. मला आज वेगळ्या माणसांबद्दल बोलायचंय, जी या प्रकरणात कधीच कुणाच्या तोंडी येत नाहीत. भंगार देशात शिरतं तेव्हा दारात उभी असलेली माणसं. कस्टमवाले. सीमाशुल्क विभाग. ज्यांच्या सहीशिवाय खिळाही बंदराबाहेर पडत नाही.

भंगारातलं विष तपासणं हे आपलं काम नाही, असं त्यांच्यातले बरेच जण मानतात. खुशाल मानोत, कायदा तसं म्हणत नाही. घातक व इतर कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. त्यात बंदर आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांची कामं स्वच्छ लिहून ठेवली आहेत: कागदपत्रं तपासा, गरज असेल तिथे मालाचं पृथक्करण करा, बेकायदा वाहतूक दिसली तर पर्यावरण मंत्रालयाला कळवा, आपल्या माणसांना याचं प्रशिक्षण द्या. बेकायदा कचरा आला तर आयात करणाऱ्यानं तो ९० दिवसांत स्वतःच्या खर्चानं परत पाठवायचा आणि तो परत गेलाय याची खातरजमा बंदरानं आणि कस्टमनं करायची. इतकं स्पष्ट मराठीत तर आमच्या ग्रामपंचायतीचा ठरावही नसतो.

आता या नियमाचं कस्टमच्या कचेरीत काय होतं ते सांगतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा काही वर्षं एका बंदरात क्लिअरिंग एजंटाकडे होता. त्याला विचारलं, समज एखाद्या अधिकाऱ्यानं भंगाराचा कंटेनर संशयावरून अडवला, तर पुढे काय? तो लगेच म्हणाला, “काका, अडवणाऱ्याचंच काम वाढतं.” मग त्यानं बोटांवर मोजत यादी सांगितली. नमुना काढा. तो प्रयोगशाळेत पाठवा. प्रयोगशाळा म्हणते आमच्याकडे ही तपासणी होत नाही, दुसरीकडे पाठवा. मंडळाला पत्र लिहा. स्मरणपत्र लिहा. तोवर कंटेनरचं भाडं चढतं, आयातदार ओरडतो, त्याची संघटना वरच्या साहेबाला निवेदन देते, वकील कोर्टात जातो. वरचा साहेब फोन करून विचारतो की हे एवढे दिवस का पडून आहे. आणि सोडून दिला तर? “सोडला तर कुणी काहीच विचारत नाही.”

या एका वाक्यात अख्ख्या खात्याचा कारभार आहे. अडवलं तर शंभर प्रश्न, सोडलं तर एकही नाही. अशा कचेरीत नवा पोरगा भरती झाला की तो सहा महिन्यांत काय शिकेल? स्पर्धा परीक्षेत त्यानं पर्यावरणावर निबंध लिहिलेला असतो, जागतिक तापमानवाढीवर त्याला तोंडपाठ उतारे येतात. टेबलावर बसल्यावर त्याला दोनच आकडे शिकवले जातात: आज ड्युटी किती जमा झाली आणि माल किती तासांत सुटला. पहिला आकडा वर गेला पाहिजे, दुसरा खाली आला पाहिजे. तिसरा आकडा नाही.

माल सुटायला लागलेल्या वेळाची हे खातं दरवर्षी मोजणी करतं, तासांच्या हिशेबानं. त्याचे तक्ते निघतात, सादरीकरणं होतात, पाठ थोपटली जाते. व्यापार सुलभ झाला पाहिजे हे मलाही कळतं, आमच्या जालन्याची भाकरी व्यापारावरच आहे. पण कमी वेळ लागला म्हणजे काम चांगलं झालं हे मोजमाप पोस्टमनला ठीक आहे, पहारेकऱ्याला नाही. रात्रभर एकालाही न अडवणाऱ्या गुरख्याला तुम्ही सोसायटीत बक्षीस देता का?

बक्षिसावरून आठवलं. कस्टमच्या अधिकाऱ्यांना आणि खबऱ्यांना बक्षीस देण्याची योजना आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. माणूस जीव धोक्यात घालून तस्करी पकडतो, त्याला काही मिळायला हवं. पण हिशेब कशावर असतो? जप्त मालाच्या विक्रीतून जे हाती येईल आणि कर-दंडाची जी वसुली होईल, त्याच्या जास्तीत जास्त २० टक्के. सोन्याला बाजार आहे. सिगारेटीला, मोबाइलला भाव आहे. कुणाच्या तरी दवाखान्यातला कचरा, वापरलेलं तेल, शिशाचा गाळ यांचा लिलाव कोण करणार? ९० दिवसांत परत पाठवलेल्या विषाला बोली लागत नाही. म्हणजे ज्या अधिकाऱ्यानं जालन्याच्या एखाद्या वस्तीला विषापासून वाचवलं, त्याच्या पदरात या योजनेतून काय पडलं? स्मरणपत्रांची जाडजूड फाइल.

त्यामुळे यांना सोनं दिसतं, शिसं दिसत नाही. शरीराच्या कुठल्याही कोपऱ्यात लपवलेलं दहा तोळे सोनं हे लोक हुडकतात आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. चाळीस फुटी कंटेनर मात्र डोळ्यांसमोरून निघून जातो. जनावरं पकडतात, हे कबूल. २०२५ च्या उन्हाळ्यात मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून डझनांनी विषारी साप निघाले, सगळीकडे फोटो झळकले. शाबास. बघायचं ठरवलं की यांना दिसतं, याचा तो पुरावाच आहे. पण साप वळवळतो. पिंपातलं तेल वळवळत नाही, त्याचा फोटोही चांगला येत नाही.

हे सगळं मी हवेत बोलत नाही. न्हावा शेवा बंदरातच घडलेलं प्रकरण सांगतो, सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. वंगणाचं तेल म्हणून आयात केलेले कंटेनर तिथे पडून होते. १३३ कंटेनर. तपासलं तेव्हा ते वापरून टाकून दिलेलं, घातक कचऱ्यात मोडणारं तेल निघालं. प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. १४ ऑक्टोबर २००३ च्या निकालात न्यायालयाला घातक कचऱ्याच्या साऱ्या कारभाराची झाडाझडती घ्यावी लागली, आणि अखेर ५ जानेवारी २००५ ला आदेश निघाला की हे तेल आयातदारांच्या खर्चानं भट्टीत जाळून नष्ट करा. एक-दोन पिंपं नजरचुकीनं सुटली असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. १३३ कंटेनर नजरेतून सुटत नाहीत. एकामागे एक उभे केले तर लांबच लांब रांग होते. अशा वेळी नजर दुसरीकडे वळवलेली असते, किंवा नजरेला काय शोधायचं हेच शिकवलेलं नसतं. दोन्हीतलं कुठलंही कारण घ्या, खात्याला शोभत नाही.

भंगाराचं तर याहून वाईट आहे. ३० सप्टेंबर २००४ ला गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारात आलेला जिवंत तोफगोळा फुटला आणि १० कामगार मेले. युद्धभूमीवरचं भंगार, आत दारू भरलेली, आणि ते बंदरातून रीतसर कागदांवर बाहेर पडलं होतं. त्यानंतर देशभर ठिकठिकाणी भंगारात गोळे आणि रॉकेटं सापडू लागली. आधी कामून सापडली नाहीत? आधी कुणी बघतच नव्हतं! दहा माणसं गेल्यावर नियम झाला की भंगार एकतर बारीक तुकडे केलेलं असावं, नाहीतर निघण्यापूर्वी तपासल्याचं प्रमाणपत्र सोबत असावं. बैल गेला अन् झोपा केला. आणि झोपा तरी कसला, तर कागदाचा! प्रमाणपत्र परदेशात बसलेल्या तपासणी संस्थेनं द्यायचं आणि इथल्या साहेबानं ते फाइलला जोडलंय का तेवढं पाहायचं.

चारच वर्षांनी, २००८ मध्ये, फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं जोडणाऱ्या सुमारे वीस कामगारांना किरणोत्साराची बाधा झाली. बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० मिसळलेलं होतं. ते पोलाद भारतातून गेलं होतं, माग काढत काढत तो आपल्या महाराष्ट्रात खोपोलीपर्यंत आला. भंगारासोबत भट्टीत काय वितळलं हे खोपोलीत कळलं नाही, बंदरावर कळलं नाही, ते फ्रान्सला कळलं. फ्रान्सच्या कामगाराची बातमी झाली. खोपोलीत ती भट्टी ढवळणाऱ्या, तो ओतीव माल हातानं उचलणाऱ्या माणसांची नावं तुम्ही कधी वाचलीत? मीही नाही.

२०२० पासून कस्टमनं आणखी एक पाऊल टाकलं. चेहराविरहित मूल्यनिरूपण. म्हणजे माल न्हावा शेवाला उतरला तरी त्याची कागदं देशातल्या कुठल्याही शहरातला अधिकारी पडद्यावर तपासू शकतो. हेतू चांगला होता: साहेब आणि एजंट समोरासमोर आले नाहीत तर चिरीमिरी कमी होईल. व्हावी, जरूर व्हावी. पण मूळ रोग काय होता? माल न बघता कागद बघणं. त्यावर औषध काय काढलं? कागद आणखी लांबून बघणं! उंटावरून शेळ्या हाकायची खोड होतीच, आता उंटही दुसऱ्या गावाला बांधला. बहुतेक खेपा तर संगणकाच्या जोखीम-चाळणीतून न उघडताच पुढे जातात. त्या चाळणीची भोकं कशी पाडायची हे माणूसच ठरवतो, आणि वर्षानुवर्षं ड्युटी बुडण्यालाच जोखीम म्हणत आलेल्या माणसाच्या हातून भोकं तशीच पडणार. करबुडवा अडकतो, शिसं खाली गळतं.

या खात्याचा ढोंगीपणा मला सगळ्यात जास्त कधी खुपतो सांगू? दरवर्षी २६ जानेवारीच्या सुमाराला आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दिन साजरा होतो. जागतिक सीमाशुल्क संघटना एक घोषवाक्य देते. २०२० चं घोषवाक्य लोक, समृद्धी आणि पृथ्वी यांच्या शाश्वततेबद्दल होतं. बॅनर लागतात, दीपप्रज्वलन होतं, कुंडीतलं रोप देऊन पाहुण्यांचं स्वागत होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर परत तेच दोन आकडे. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, आणि दाखवायच्या दातांनी वर्षातून एकदाच हसायचं. श्रीलंकेसारख्या छोट्या देशानं ब्रिटनमधून वापरलेल्या गाद्या म्हणून आलेल्या कचऱ्याचे २६३ कंटेनर परत पाठवून दाखवले, शेवटचे २०२२ मध्ये गेले. त्यांच्यावर तेव्हा आर्थिक संकट कोसळलेलं होतं. आम्ही महासत्ता व्हायला निघालोय आणि आम्हाला स्मरणपत्र लिहायचा कंटाळा येतो.

जालन्याच्या माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही, कारण याच नाटकाचा गावठी प्रयोग तो रोज पाहतो. वाळूचा. अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांच्या कडेनं गोदावरी वाहते. वाहते म्हणायचं, आता कित्येक ठिकाणी तिच्या पात्रात नुसते खड्डे आहेत. रात्री वाळू उपसणाऱ्या केणी लागतात, हायवा भरतात, तहसीलदाराची गाडी कार्यालयातून निघाली की “लोकेशन” देणारी पोरं नाक्यानाक्यावर बसलेली. पकडली तर काय होतं? जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली पाचपटीपर्यंत दंड, बंधपत्र आणि गाडी मोकळी. अधिकारी वर्षाअखेर अभिमानानं सांगतो, गौण खनिजाचं उद्दिष्ट पूर्ण, इतके कोटी जमा. नदीची वाळू गेली हे नुकसान, आणि त्यातून दंड आला ही कामगिरी! जितकी चोरी जास्त, तितकी कामगिरी मोठी. असं खातं चोरी थांबावी म्हणून मनापासून झटेल यावर तुमचा विश्वास बसतो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये जाफराबाद तालुक्यात पासोडी-चांडोल शिवारात पुलाच्या कामावरची मजूर माणसं पत्र्याच्या शेडमध्ये झोपली होती. पहाटे एका टिप्परनं त्या शेडवरच वाळू रिती केली. पाच जण गाडले गेले. ब्रासचा हिशेब ठेवणाऱ्या वहीत या पाच जणांना कुठला रकाना आहे?

आता कस्टमच्या कायद्यातलं कलम १२५ बघा. १९६२ चा कायदा. जप्त केलेला माल दंड भरून सोडवून नेण्याची मुभा. मनाई नसलेल्या मालाला ती द्यावीच लागते, मनाई असलेल्या मालालाही अधिकाऱ्याला वाटलं तर देता येते. तहसीलची पावती आणि कस्टमचं कलम ही सख्खी भावंडं आहेत. दोघांचा बापही एकच, महसूल. सीमाशुल्क मंडळ दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली येतं, तहसीलदार इथे महसूल खात्याखाली. ज्याच्या पाटीवरच महसूल लिहिलंय, त्याला प्रत्येक गुन्हा हा बुडालेला पैसा वाटतो आणि पैसा भरला की गुन्हा मिटला असं वाटतं. कर भरून मिटणारे गुन्हे असतील. नदी पावती फाडून भरत नाही. रक्तात गेलेलं शिसं दंडाच्या चलनावर परत निघत नाही.

कस्टमचे काही अधिकारी खासगीत म्हणतात, आम्ही काय रसायनशास्त्रज्ञ आहोत का? नाही. सोनारही नाही, तरी सोन्याचा कस तपासता. जोहरी नाही, तरी हिऱ्याची किंमत काढता. जे शिकायचं ठरवलं ते शिकलात. दुसरे म्हणतात, अडवला आणि माल चांगला निघाला तर आमच्यावर शेकतं. त्याच कायद्यात कलम १५५ आहे. सद्‍हेतूनं केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालत नाही. कायदा पाठीशी उभा आहे, साहेबच उभा राहत नाही. आणि तिसरे म्हणतात, वन्यजीव विभाग आहे, प्रदूषण मंडळ आहे, ते बघतील. तेही आहेत. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग २००७ पासून आहे आणि कस्टमला मदत करणं त्याचं ठरलेलं काम आहे. पण त्यांना हाक कोण मारणार? कंटेनरची किल्ली ज्याच्या हातात आहे त्यानं हाक मारली तरच ते येणार ना? दार माझं, कुलूप माझं, आणि चोर शिरला तर शेजाऱ्यानं का नाही पकडला?

या खात्यात चांगली माणसं नाहीत असं मी म्हणत नाही. १३३ कंटेनर कुणीतरी उघडलेच. पण एकट्या माणसाच्या हट्टावर चालणारी तपासणी त्याची बदली झाली की संपते. कस्टममध्ये बदली हेच बक्षीस आणि बदली हीच शिक्षा. कुठली जागा मलईची आणि कुठली कोरडी, हे भिंतीवर लिहिलेलं नसलं तरी पहिल्या दिवशीच्या चहात कळतं. कचरा ओळखायला शिकलेला माणूस त्या जागेवर पाच वर्षं राहील, त्याच्या गोपनीय अहवालात त्यानं परत पाठवलेल्या कंटेनरची नोंद होईल, भंगाराच्या खेपा उघडून हातात मीटर घेऊन बघितल्या जातील आणि तपासणीला लागलेला वेळ त्याच्या नावावर उशीर म्हणून लागणार नाही, एवढं झालं तरी पुष्कळ झालं. यात एक रुपयाचंही नवं यंत्र मी मागितलेलं नाही. मीटर असतात. ते वापरणाऱ्याची पाठ राखणारा साहेब नसतो.

ही मागणी मी जालन्यात बसून का करतोय? २५ डिसेंबर २०१५ ला इथे ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं. नितीन गडकरी आले होते, देवेंद्र फडणवीस आले होते. न्हावा शेवाचं बंदर जालन्याच्या माळावर येणार, शेतकऱ्याची मोसंबी इथूनच जगात जाणार, भंगाराचा कंटेनर इथेच उघडणार. त्या दिवसापासून जमिनीचे भाव, रोजगार, रेल्वेची साइडिंग यांवर हजार भाषणं झाली. समृद्धी महामार्ग झाला, तोही याच गावावरून गेला. या साऱ्या गदारोळात एकाही पुढाऱ्यानं, एकाही उद्योजकानं, एकाही पत्रकारानं विचारलं नाही की या बंदरावर जे कस्टम बसेल ते कुठली सवय घेऊन येईल. बंदर आलं म्हणजे सीमा आली. आजवर विष न्हावा शेवाला नजरेआड होऊन चारशे किलोमीटर प्रवास करून यायचं. उद्या ते आमच्या शिवारात नजरेआड होईल, कुंडलिकेच्या पाणलोटात.

गेल्या महिन्यात मी एका भंगार यार्डात गेलो होतो. घराएवढे ढीग. गाड्यांच्या स्प्रिंगा, फ्रिजचे कॉम्प्रेसर, वाकलेले पाइप, खरवडलेल्या लेबलांची पिंपं. पायाखाली तेलकट चिखल, पाऊस नसताना. एक माणूस हातमोजे न घालता वेचणी करत होता. शॉकअॅब्सॉर्बर, छोटे सिलिंडर, झाकण घट्ट बसलेले डबे तो वेगळे काढत होता. मी विचारलं, हे कामून वेगळं?

“बंद काई गेलं आत की भट्टी थुंकती, भाऊ.”

भट्टी थुंकते म्हणजे वितळलेलं लोखंड बाहेर उडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका भट्टीवर स्फोट झाला, वीसहून जास्त कामगारांच्या अंगावर ते उडालं. हे त्याला ठाऊक होतं, त्यातला एक जण त्याच्या गावचा.

“आणि डब्यात काय होतं ते कसं कळतं?”

“वास घेऊन बघतो.”

“वास नाही आला तर?”

“मग जातंच की आत.”

यार्डाच्या फाटकाजवळ खिळ्याला एक मीटर अडकवलेलं होतं, किरणोत्सार मोजायचं. बटण दाबून पाहिलं. सेल उतरलेले होते.

मी निघालो तेव्हा तो एक हिरवा डबा हातात घेऊन उभा होता. त्यावर परक्या लिपीत काहीतरी छापलेलं. त्यानं तो दोनदा हुंगला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि बाजूच्या ढिगावर ठेवला. दोन पावलं पुढे गेला. मग मागे वळून तो परत उचलला, झाकण दगडावर आपटून उघडलं, आतलं उरलंसुरलं मातीत ओतलं आणि रिकामा डबा क्रेनच्या चुंबकाखाली फेकला.